कॉन्टेसाच्या इनटेक मॅनिफोल्डला इंजेक्टरचे बुश वेल्ड करायचेत, अल्युमिनिअमचं काम कसं करून घ्यावं?

कॉन्टेसा_परभणी

नमस्कार मंडळी. लई दिवसापासून इथं नुसतं वाचायलो, आज विचारायची वेळ आली. माझ्याकडं १९९२ ची कॉन्टेसा क्लासिक हाय, १.८ वाली, म्हणजे इसुझूचं १८१७ सीसीचं पेट्रोल इंजिन. गाडी मामांची, ते गेल्यापासून माझ्याकडं हाय आन मला ती विकायची नाई. मागच्या वर्षी इंजिन उघडलं, रिंगा, वॉल (व्हॉल्व्ह), हेड पॅकिंग सगळं नवीन टाकलं, कॉम्प्रेशन चारी सिलेंडरला सारखं यायलंय, म्हणजे इंजिनात खोट नाई.

त्रास हाय तो कार्बोरेटरचा. परभणीचा मे महिना तुम्हाला सांगायची गरज नाई. दुपारी जिंतूरला जाऊन चहाला दहा मिनिटं थांबलं की गाडी परत चालूच होत नाई, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून जातं, मग बॉनेट उघडून ओला फडका टाकून अर्धा तास बसायचं. घरी लहान लेकरू हाय, त्याला घेऊन उन्हात असं बसवत नाई हो. कार्बोरेटरचे सुटे भाग पण आता मिळत नाईत, जे मिळतात ते झिजलेले.

म्हणून ठरवलंय की चार इंजेक्टरचं (प्रत्येक सिलेंडरला पेट्रोल फवारणारं एकेक नोझल) काम करायचं. ईसीयू (इंजेक्शन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) स्पीडुइनोचा, माझा मित्र इलेक्ट्रॉनिक्सवाला हाय तो बोर्ड जोडून देणार. ओरिजिनल मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा ओतीव भाग) हात लावणार नाई, तो जपून ठेवलाय, भंगारातून दुसरा एक आणला. कार्बोरेटरच्या जागी अडॅप्टर प्लेट टाकून थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त सोडणारी झडप) बसवायची आन चारी नळ्यांवर हेडच्या जवळ इंजेक्टरचे बुश (इंजेक्टर ज्यात बसतो ती गोल कडी) वेल्ड करायचे असा प्लॅन हाय.

अडचण अशी झाली की इथं एक अर्गॉनवाले (अर्गॉन गॅसवर वेल्डिंग करणारे) हाईत, डाळमिलच्या आन दुधाच्या स्टीलच्या टाक्या एक नंबर करतात, त्यांच्याकडं नेलं. त्यांनी कडेच्या कानावर टाका मारून बघितला तर काळी राख वर आली, धातू एकमेकाला धरेचना, बुडबुडे आले. ते म्हणले हे जर्मन भेसळीचं हाय, होणार नाई. आता प्रश्न असे. हे ओतीव अल्युमिनिअम खरंच वेल्ड होत नाई का? रॉड कोणता लागतो? वेल्डिंगनं वाकडं होतं म्हणतात ते कसं थांबवायचं? आन बुश कोणत्या मालाचे करावेत?

टूलरूम_वाळूज

कॉन्टेसाभाऊ, होतं. शंभर टक्के होतं. मी तीस वर्षं टूलरूमला काढली, त्यातली निम्मी अल्युमिनिअमच्या डाय आणि हाउसिंग दुरुस्त करण्यात गेली. तुमच्या अर्गॉनवाल्याचा हात वाईट नाही, मशीन वेगळं आहे. स्टीलच्या टाक्या डीसी करंटवर होतात, त्यामुळं आपल्याकडं बहुतेक दुकानांत नुसतं डीसीचंच मशीन असतं. अल्युमिनिअमला एसी लागतो. अल्युमिनिअमच्या अंगावर ऑक्साइडची पातळ कातडी असते, आतला धातू ६६० डिग्रीला वितळतो (ओतीव माल तर अजून आधी) आणि ही कातडी २००० च्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. डीसीवर काय होतं, आतलं पाणी होतं आणि वरची कातडी तशीच पिशवीसारखी धरून राहते, म्हणून तुम्हाला धरेना असं दिसलं. एसीमध्ये करंटची दिशा सारखी उलटते, एका फेरीत कातडी फुटते आणि दुसऱ्या फेरीत धातू वितळतो. तेव्हा पहिला प्रश्न दुकानदाराला हाच विचारायचा, मशीन एसी-डीसी आहे का. आणि दुसरा, सिलेंडर शुद्ध अर्गॉनचा आहे का, कारण मिगवाल्यांकडं कार्बन डायऑक्साइड मिसळलेला गॅस असतो तो इथं चालत नाही.

काळी राख आणि बुडबुडे मात्र मशीनमुळं नाहीत, ते तेल आहे. तीस वर्षं त्या मॅनिफोल्डनं पेट्रोलची आणि ऑइलची वाफ प्यायली आहे आणि ओतीव मालाच्या बारीक छिद्रात ते मुरलंय. वरून पुसून ते जात नाही. आधी गरम पाणी आणि साबण पावडरमध्ये उकळून काढा, ब्रशनं आतून घासा, वाळवा. मग जिथं वेल्ड येणार तिथं दोन्ही बाजूनं दोन इंच जागा पत्र्यासारखी चकचकीत होईपर्यंत बरनं (फिरत्या दातेरी कटरनं) खरवडा. मग ॲसिटोन. मग नवीन स्टेनलेस ब्रश, जो लोखंडाला कधी लागलेला नाही. ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून लगेच वेल्ड करू नका, काही स्प्रेमध्ये क्लोरीनचं द्रव्य असतं आणि आर्कच्या उष्णतेनं त्याचा विषारी वायू होतो, माणूस दवाखान्यात जाईल. हे मी घाबरवायला सांगत नाही, आमच्या शॉपमध्ये त्याची सक्त मनाई होती.

एवढं करूनही पहिल्या टाक्याला घाण वर येणारच. येऊ द्या. नुसत्या आर्कनं रॉड न टाकता जागा वितळवायची, घाण वर आली की थंड करून ती खरवडून फेकायची, परत तेच. दोन-तीनदा केलं की खाली पांढरा स्वच्छ धातू लागतो. ज्याला हे करायचा कंटाळा आहे त्याच्याकडं काम देऊ नका.

रॉड ४०४३ घ्या, त्यात ५ टक्के सिलिकॉन असतं, ओतीव माल पण सिलिकॉनवालाच असतो त्यामुळं जमतं. दुकानात ५३५६ पण हातात देतील, तो मॅग्नेशिअमचा रॉड, पत्र्याला आणि फॅब्रिकेशनला चांगला, पण गरम इंजिनावर कायम ६५ डिग्रीच्या वर राहणाऱ्या कामाला तो नको, काळानं तडे जातात. बुशसाठी मार्केटमध्ये एचई-३० चा रॉड मागा, म्हणजे ६०८२, सगळ्यांकडं असतो. ७०७५ फुकट मिळाला तरी घेऊ नका, तो वेल्डला फाटतो.

जिप्सी_नांदेड

टूलरूमवाले काकांनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त वाकडं होण्याचं सांगतो कारण ते मी स्वतः भोगलंय. माझ्या जुन्या कार्बोरेटरवाल्या जिप्सीच्या मॅनिफोल्डचा एक कान तुटला होता. एका ठिकाणी दिला, त्यानं टेबलावर नुसता ठेवून वेल्ड मारला, दिसायला एकदम झकास, मी खुश. बसवला तर गाडी आयडलला वर-खाली वर-खाली करायली, प्लग काढून बघितले तर तीन नंबरचा पांढरा फटक, म्हणजे तिथं हवा घ्यायली आन मिश्रण पातळ व्हायलंय. दोन महिने मी कार्बोरेटर उघडत बसलो, वायर बदलल्या, कॉइल बदलली. शेवटी मॅनिफोल्ड काढून फ्लँजवर (हेडला टेकणाऱ्या सपाट तोंडावर) स्टीलची पट्टी उभी धरली तर मधे फिलर गेजचं (फट मोजायच्या पात्यांचं) ०.४० एमएमचं पान आरपार गेलं. पॅकिंग एवढं भरून काढत नाई. तेव्हा लई वाईट वाटलं कारण वॉल जळता जळता वाचला होता.

त्यामुळं भाऊ, मॅनिफोल्ड टेबलावर मोकळा ठेवून कधीच वेल्ड करू देऊ नका. एकतर भंगारातून त्याच इंजिनाचं फुटकं हेड आणा आन त्याच्यावर सगळे बोल्ट आवळून मगच वेल्ड करा, नाईतर १६-२० एमएमची लोखंडी प्लेट घेऊन तिला मॅनिफोल्डच्या भोकांसारखी भोकं पाडून त्याच्यावर आवळा. वेल्ड झाल्यावर पण तसंच आवळलेलं ठेवायचं, पूर्ण हाताला गार लागेपर्यंत खोलायचं नाई. पाणी मारायचं नाई, फॅन लावायचा नाई. एवढं करून पण थोडं वाकतंच, म्हणून शेवटी मिलिंगवर एक हलकं फेसिंग (तोंड तासून सपाट करणं) घ्यावंच लागतं, ते गृहीत धरूनच चाला.

एक विचारतो, थ्रॉटल बॉडीतच इंजेक्टर असलेली जुनी सिंगल पॉइंट सिस्टिम कार्बोरेटरच्या जागी टाकली तर वेल्डिंगच लागणार नाई, ते काहून नको?

कॉन्टेसा_परभणी

दोघांचे लई आभार. जिप्सीभाऊ, ते पण डोक्यात आलं होतं, पण मग पेट्रोल परत त्याच लांब नळ्यांतून जाणार, थंडीत भिंतीला चिकटणार आन चारी सिलेंडरला सारखं मिळणार नाई. एवढा खटाटोप करायलोय तर वॉलच्या तोंडावर पेट्रोल मारणारं करावं असं वाटतंय. शिवाय इसुझूनंच १९७० मध्ये त्यांच्या ११७ कूपेवर बॉशचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन टाकलं होतं, जपानमधली पहिली तशी गाडी ती, त्यामुळं त्याच कंपनीच्या इंजिनाला इंजेक्शन बसवायलोय याचं मनातून बरं पण वाटतंय.

आता पुढचं विचारतो. बुशचं भोक किती एमएमचं? कोन किती? आन इंजेक्टर कोणत्या गाडीचे चालतील?

टूलरूम_वाळूज

भोकाबद्दल नीट ऐका, इथं बहुतेक जण चुकतात. फिनिश साइजचा बुश करून वेल्ड करू नका. वेल्डनं तो आवळतो आणि अंडाकृती होतो, मग ओरिंग (रबरी कडं) एका बाजूला दाबली जाते आणि एका बाजूला सैल. बुश ११-१२ एमएमच्या भोकाचा करा, बाहेरचा व्यास २२-२४ ठेवा म्हणजे भिंत जाड राहते, वेल्ड करा, आणि मग मिलिंगवर त्याच सेटिंगमध्ये बोअर करून शेवटी रीमर (भोक नेमक्या मापाचं करायचं हत्यार) मारा. फिनिश साइज साधारण साडेतेरा ते चौदाच्या मधे येते पण ऐकीव आकड्यावर जाऊ नका, तुमचा इंजेक्टर आणि त्याची ओरिंग हातात घेऊन मोजा. तोंडाला मोठा चँफर (तिरपी कड) द्या नाहीतर बसवतानाच ओरिंग कापली जाईल. भोकाच्या आत रेघोट्या नकोत, आरशासारखं हवं.

कोन म्हणजे काय, फवारा वॉलच्या पाठीवर पडला पाहिजे, समोरच्या भिंतीवर नाही. कॉन्टेसाच्या बॉनेटखाली जागा भरपूर आहे त्यामुळं तुम्हाला मोकळीक आहे. मॅनिफोल्ड हेडवर बसवून पोर्टमधून एक सरळ सळई घालून वॉलच्या पाठीला टेकवून बघा, सळई वरच्या भिंतीला जिथं लागते तिथं तुमचा कोन. इंजेक्टरचं टोक हवेच्या रस्त्यात पुढं येऊ नये, भिंतीच्या एक-दोन एमएम आतच राहू द्या.

भोक पाडताना साध्या ड्रिलनं तिरक्या पृष्ठभागावर पाडायला गेलात की ते घसरणार. एंड मिलनं पाडा. आणि चारी बुश एका ओळीत हवेत, म्हणून चारी बुशमधून आरपार बसेल अशी एक पट्टी करा, चार खुंट्या असलेली, ती घालून मगच टाके मारा. पट्टी अल्युमिनिअमची नको, ती पण चिकटून बसेल, लोखंडाची करा. पहिला टाका एक नंबरला, दुसरा चारला, मग दोन, मग तीन, असं पसरून, म्हणजे उष्णता एका जागी साठत नाही.

वेल्डरला एवढं सांगा. मॅनिफोल्डची नळी ४ एमएम जाड असेल तर १५० ते १६० अँपिअरच्या आसपास लागेल, बुश जाड आहे म्हणून आर्क बुशवर जास्त आणि नळीवर कमी धरायचा. आधी सगळा मॅनिफोल्ड १०० ते १२० डिग्रीपर्यंत सावकाश तापवून घ्या, ओलावा जातो, वेल्डला पिनहोल कमी येतात. टेम्परेचर गनवर विश्वास ठेवू नका, चकचकीत अल्युमिनिअमवर ती खूप कमी दाखवते. पाण्याचा थेंब टाकला आणि चर्र होऊन उडाला की शंभरच्या वर आहे, एवढं पुरतं.

इंजेक्शनवाला_लातूर

मी ट्यूनिंगचं करतो म्हणून इंजेक्टरचं मी सांगतो, धातूचं काकांचंच ऐका.

हिशोब असाय. तुमचं इंजिन साधारण ८५ हॉर्सपॉवरचं धरू. पेट्रोल इंजिनाला फुल लोडला एका हॉर्सपॉवरमागं तासाला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागतं. म्हणजे तासाला १९ किलोच्या पुढं, चारनं भागलं तर एका सिलेंडरला पावणेपाच-पाच किलो, लिटरमध्ये साडेसहा, मिनिटाला झालं १०८ सीसी. इंजेक्टर शंभर टक्के उघडा ठेवायचा नसतो, ८० टक्केच वापरायचा म्हणून १३५ सीसी. त्यात आता पंपावर ई२० मिळायलंय, त्याला साध्या पेट्रोलपेक्षा आठ टक्के जास्त सोडावं लागतं, तर १४५-१५०. म्हणजे १५० ते २०० सीसीचा कोणताही १.३ ते १.६ लिटरच्या गाडीचा इंजेक्टर चालेल. ४०० सीसीचे मोठे आणू नका, आयडलला कंट्रोल होत नाईत. चारी एकाच गाडीचे घ्या, टेस्ट बेंचवर चारीचा फ्लो मोजून घ्या, भंगारातले तसेच बसवू नका.

दुसरं लई महत्त्वाचं. फ्युएल रेल (चारी इंजेक्टरला पेट्रोल देणारी नळी) नुसता इंजेक्टरवर टेकवून ठेवू नका. ३ बारच्या प्रेशरला १४ एमएमच्या भोकावर साडेचार किलोच्या वर जोर येतो, चारी मिळून १८ किलोच्या पुढं, तो रेलला वर ढकलतो. रेलला दोन मजबूत खुंट लागतात आन ते खुंट पण आत्ताच, बुशबरोबरच मॅनिफोल्डला वेल्ड करून घ्या, नंतर परत वेल्ड करायला गेलात तर फेसिंग केलेलं वाया जाईल. माझ्याकडं एक गाडी आली होती तिचा रेल केबल टायनं बांधलेला होता. गरम एक्झॉस्टच्या शेजारी ३ बारनं पेट्रोल. मी ती गाडी चालू करायला नकार दिला.

कार्बोरेटरची रबरी नळी एक इंच पण ठेवू नका. इंजेक्शनसाठीची हाय प्रेशर नळी, आन ओरिंगा व्हायटॉनच्या, जुनं साधं रबर ई२० ला फुगतं. टाकीकडं रिटर्न लाइन टाका. उन्हाचा तुमचा त्रास त्यानंच जाईल, पेट्रोल ३ बारला दाबलेलं असलं की सहज उकळत नाई आन सारखं फिरत राहिल्यानं गरम होऊन एका जागी बसत नाई. पंपाला रिले लावा, इंजिन बंद झालं की पंप पण बंद झाला पाहिजे, अपघात झाला तर पंप चालू राहून पेट्रोल फेकत बसला असं होऊ नये.

मॅनिफोल्डला कार्बोरेटरच्या खाली गरम पाण्याचा कप्पा असेल तर तिकडं वेल्ड नेऊ नका. एअर टेम्परेचर सेन्सरचं आन मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) निप्पलचं भोक पण आत्ताच काढून घ्या.

जिप्सी_नांदेड

आन टेस्ट केल्याशिवाय बसवू नका हे राहिलंच. फ्लँज खाली प्लेट लावून बंद करायचा, बाहेरून सगळ्या वेल्डवर चुना लावून वाळवायचा आन आतून रॉकेल भरून रात्रभर ठेवायचं. जिथं पिनहोल असेल तिथं चुन्यावर ओला डाग दिसतो. लई जुनी पद्धत हाय पण डोळ्याला न दिसणारं भोक पण सापडतं.

कॉन्टेसा_परभणी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहायलोय. मॅनिफोल्ड चिकलठाण्याला एका दुकानात करून घेतला, एसी मशीन होतं, वेल्डर माझ्याच वयाचा पोरगा, काकांची सगळी पोस्ट त्याला मोबाईलवर वाचून दाखवली. त्यानं चार वेळा घाण खरवडून काढली, एकदापण कंटाळला नाई. फुटकं हेड मिळालं नाई म्हणून जुन्या पॅकिंगवरून भोकं मारून २० एमएमची प्लेट केली, त्याच्यावर आवळूनच सगळं केलं. गार झाल्यावर खोलून पट्टी धरली तर ०.१५ चं पान जायलंय, म्हणजे जिप्सीभाऊंच्या निम्म्यापेक्षा कमी. रेलचे खुंट आन एअर सेन्सरचं भोक पण त्याच वेळी करून घेतलं. बुश अजून कच्च्या भोकाचेच हाईत, बोअरिंग आन फेसिंग राहिलंय.

काल रात्री रॉकेल भरून ठेवलं. सकाळी बघितलं तर तीन नंबरच्या बुशच्या मागच्या अंगाला, जिथं वेल्डिंगचा टॉर्च नीट पोचत नाई, तिथं चुन्यावर दोन ओले ठिपके. बाकी सगळं कोरडं. आता काय करू, तिथं वरून इपॉक्सी पुट्टी लावून भागेल का? मी आजच परत चिकलठाण्याला निघायच्या तयारीत हाय.

टूलरूम_वाळूज

पुट्टी नको. मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो, तो बाहेरून आत ओढतो, पेट्रोलच्या वाफेनं पुट्टी मऊ पडली की तुकडा सरळ वॉलखाली जाणार.

आणि आज निघू नका. तुमच्या मॅनिफोल्डनं रात्रभर रॉकेल प्यायलंय, तसाच वेल्डला दिला तर परत पहिल्या दिवसासारखे बुडबुडे येतील आणि दोनाची दहा भोकं होतील. परत साबणाच्या पाण्यात उकळा, दोन दिवस तुमच्या परभणीच्या उन्हात पत्र्यावर ठेवा. मग ते दोन ठिपके बरनं मुळापासून खरवडून व्ही आकाराची चर काढा, भोकाचा तळ दिसला पाहिजे, नुसतं वरून लिंपू नका. टॉर्च पोचत नाही म्हणालात तर छोट्या मुंडीचा टॉर्च आणि लांब सिरॅमिक नोझल लावायला सांगा, टंगस्टन (टॉर्चची सुई) नेहमीपेक्षा थोडं बाहेर काढायचं. परत प्लेटवर आवळा, परत तापवा, मग दोन टाके. फेसिंग अजून केलं नाही हे फार बरं झालं, ते आणि बोअरिंग या दोन टाक्यांच्या नंतरच. पुढच्या वेळी टेस्टला रॉकेल न भरता फ्लँज बंद करून अर्धा बार हवा भरा आणि साबणाचं पाणी लावा, म्हणजे गळलंच तर वेल्ड करायला मॅनिफोल्ड कोरडा राहील.

कॉन्टेसा_परभणी

बरं झालं काका विचारलं, गाडीची चावी हातातच होती. उकळायला ठेवलाय.